पावणेनऊ इंच

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी बनलेल्या विलीज जीपच्या पोटाखाली जमिनीपासून पावणेनऊ इंच मोकळी जागा होती. मिलिमीटरच्या हिशेबात साधारण २२२. २००९ मध्ये भारतात आलेल्या टोयोटा फॉर्च्युनरच्या पोटाखाली कंपनीने ठेवलेली जागा २२० मिलिमीटर. मधे साठ-पासष्ट वर्षे गेली, इंजिने बदलली, एसी आला, चामड्याच्या सीट आल्या, किंमत कुठल्या कुठे गेली. जमीन आणि गाडी यांच्यातले अंतर मात्र होते तेवढेच राहिले. युद्धभूमीवरच्या चिखलाला जे पुरले ते आलिशान गाडीलाही पुरते, असा बनवणाऱ्यांचा हिशेब.

माळशिरस तालुक्यातल्या विशीच्या पोराला मात्र ते पुरत नाही. दहा-बारा वर्षांची फॉर्च्युनर, पजेरो किंवा एंडेव्हर दारात येऊन उभी राहते आणि हार-नारळ उतरायच्या आत चौकशी सुरू होते : हिला दोन-तीन इंच उंच करायला किती घेशील? पोराला नावे ठेवण्याआधी या हौसेचे मूळ पाहिलेले बरे. ते कुठल्या व्हिडिओत नाही, या तालुक्याच्या मातीत आहे.

तालुक्याच्या उत्तरेला नीरा वाहते, पलीकडे पुणे जिल्ह्यातले इंदापूर. नदीच्या आणि कालव्याच्या बाजूने काळी जमीन, पिलीवच्या अंगाला गेले की माळरान. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला चिकटून गोळा होते. तिच्यातून बैलगाडी न्यायची तर आख उंच हवा, आणि आख उंच हवा तर चाक मोठे हवे. म्हणून गावचा सुतार तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून छातीएवढे चाक बांधी आणि लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. एकामागून एक गाड्या गेल्या की धावेने चाकोरी खोल होई, आणि चाकोरीच्या मधला उंचवटा आखाला लागू नये एवढी उंची गाडीला असावीच लागे. उंचीचा संबंध तेव्हा फक्त वाटेशी होता.

नंतर पाणी आले. भाटघरचे लॉईड धरण १९२० च्या दशकात पुरे झाले, नीरा उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसच्या कोरड्या पट्ट्यात ऊस उभा केला. सासवडकडच्या माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये माळीनगरला स्वतःच्या भांडवलावर साखर कारखाना काढला. सासवड माळी शुगर फॅक्टरी हे त्याचे नाव. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने अकलूजजवळ यशवंतनगरला सहकारी कारखाना झाला. एका तालुक्यात इतकी धुराडी म्हणजे गळीत हंगामात शिवारातून कारखान्याकडे अखंड रांग : आधी धावेच्या गाड्या, मग टायरगाड्या, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. उसाने पैसा आणला आणि उसाच्याच वजनाने रस्ते मोडले. दरवर्षी खडी-मुरूम टाकायचा आणि दरवर्षी तो वाहून जायचा. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात लोकांनी फोडलेल्या खडीतून कितीतरी रस्ते झाले, तेही डांबर न लागता वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले.

या रस्त्यांवर पहिली उंच मोटार आली ती सरकारी होती.

जे. सी. आणि के. सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम महंमद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड महंमद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलीजच्या जीपचे सुटे भाग मुंबईत आणून माझगावला जोडायचे, हा तिचा नवा उद्योग. त्याच सुमारास सरकारने लष्करासाठी लंडनमार्फत केलेली जुन्या जीपची खरेदी एवढी गाजली की स्वतंत्र भारतातल्या पहिल्या गैरव्यवहारांच्या यादीत ‘जीप प्रकरण’ कायमचे बसले. जीप हे सामान्य माणसाचे वाहन नव्हतेच. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, तालुक्या-तालुक्यात विकास गट आले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. गटविकास अधिकारी, म्हणजे बीडीओ, धुरळा उडवत गावात यायचा तो जीपमधून. तहसीलदाराची जीप, फौजदाराची जीप, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची जीप. ज्याच्याकडे काम अडलेले असायचे तो माणूस उंच गाडीतून उतरायचा. उंचीला अधिकाराचा वास लागला तो असा.

अधिकाराची ही उंची सामान्य माणसाच्या हाती आली ती वडापमुळे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात वडाप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एसटीची वेळ चुकलेल्या माणसाला नातेपुत्याहून माळशिरसला, वेळापूरहून अकलूजला नेणारी महिंद्र कमांडर किंवा बजाज टेम्पोची ट्रॅक्स. आत माणसे, मागे लोंबकळणारी माणसे, टपावर भाजीची पोती आणि एखादे करडू. एवढा भार घेतला की गाडी मागून बसायची. त्यावर उपाय एकच, पाटा वाढवणे. मागच्या पाट्यांच्या जुडग्यात एक जादा पाटा घालायचा, यू-बोल्ट आवळायचे, झाले. पाटा निवलाच असेल तर तापवून-ठोकून त्याला पुन्हा कमान द्यायची. भार नसताना अशी गाडी ढुंगण वर करून उभी दिसायची, आणि तेच रूप पुढे शौकीन पोरांच्या डोळ्यांत भरले.

गाडी उंच करण्याची देशी विद्या म्हणावी तर ती हीच, आणि ती बरी चालत असे, कारण जीपची रचनाच तशी होती. पुढे-मागे सरळ लोखंडी ॲक्सल, त्यावर पाटे, पाट्यांवर चासी. पाट्यांची कमान वाढवली की चासी वर जाते. ना सेन्सर, ना संगणक, ना चाकांचे स्वतंत्र हात. पंजाब-हरियाणाच्या हद्दीवरच्या मंडी डबवालीत लष्करी जीपचे सांगाडे आणि नवे सुटे भाग जोडून उंच, रुंद टायरांच्या जीप बांधण्याचा मोठा धंदा उभा राहिला तोही याच साधेपणाच्या जिवावर. महाराष्ट्रात त्या वाटेवरचे सामान मुंबईला कुर्ल्यात आणि पुण्याला नाना पेठेत मिळायचे.

पण जीपलाही ही उंची फुकट मिळत नव्हती. पाटा चासीला अडकवणारे पुढचे शॅकल लांब केले की ॲक्सल किंचित पुढे कलंडतो, मग वेग घेतल्यावर स्टेअरिंग भिरभिरते आणि वळणावरून आपण होऊन सरळ येत नाही. शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातात. ब्रेकचा पाइप ताणला जातो. शिवाय एक गोष्ट अनुभवी मिस्त्रीला ठाऊक असते आणि हौशी पोराला कधीच पटत नाही : सरळ ॲक्सलच्या गाडीत पाट्यांनी फक्त बॉडी वर जाते. दगडाला आधी लागणारा डिफरन्शियलचा गोळा होता त्याच उंचीवर राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठा लागतो. बैलगाडीच्या सुताराला हे कळत होते, म्हणून त्याने चाक मोठे केले.

जीप पोटाची गाडी होती. हौसेची गाडी १९९० नंतर आली. टाटांची सिएरा १९९१ ची, सुमो १९९४ ची. सफारी १९९८ मध्ये आली आणि नाशिकला बनणारी स्कॉर्पिओ २००२ मध्ये. साखर पट्ट्यातल्या राजकारणाला स्कॉर्पिओने जणू गणवेश दिला. पांढरा रंग, काळ्या काचा, पुढे जाडजूड लोखंडी बंपर. ते बंपर अपघातात समोरच्या माणसाला आणि आतल्या एअरबॅगलाही घातक ठरतात म्हणून केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या, तरी निवडणुकीच्या दिवसांत ते अजून दिसतात.

उंचीला भाव देण्याची सवय या भागाला मोटारीनेच लावली असेही नाही. दिवाळीच्या सुमारास अकलूजला भरणाऱ्या घोडेबाजारात मारवाडी-काठेवाडी जनावरांची चाल, रंग आणि भोवरे पाहतात, पण त्याआधी पट्टी लावून उंची मोजतात, आणि इंचागणिक भाव चढतो. फरक एवढाच की घोड्याची उंची त्याच्या हाडांत असते. लाकडाचे ठोकळे खुरांखाली ठेवून आणलेले जनावर त्या बाजारात कोणी विकत घेणार नाही.

स्कॉर्पिओच्या वरची पायरी म्हणजे परदेशी नावाच्या गाड्या. मित्सुबिशीची पजेरो हिंदुस्तान मोटर्सने २००२ च्या सुमारास इथे आणली, फोर्डची एंडेव्हर २००३ मध्ये आली, टोयोटाच्या बिडदी कारखान्यातली फॉर्च्युनर २००९ मध्ये. टाटांनी २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर विकत घेतल्यावर रेंज रोव्हर आणि डिस्कव्हरी ही नावेही घरची झाली. नव्या कोऱ्या असताना या गाड्या तालुक्यात मोजक्या घरांतच दिसत. त्या पोरासोरांच्या आवाक्यात आल्या त्याला एक कारण दिल्लीत घडले. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली. तिथल्या श्रीमंतांच्या डिझेल गाड्या ना हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांकडे निघाल्या, अर्थातच पडत्या भावाने. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ राज्यात राहणाऱ्या अशा गाडीला इथला नंबर घ्यावा लागतो. माळशिरसकरांसाठी तो अकलूजच्या परिवहन कार्यालयाचा एमएच ४५.

अशा रीतीने एका ट्रॅक्टरच्या किमतीत कधी काळची साहेबी गाडी दारात येते. इथेच गडबड होते, कारण पोराच्या डोक्यात उंच करण्याचे जे गणित असते ते कमांडरचे असते आणि समोर उभी असलेली गाडी कमांडरच्या जातीची नसते.

पजेरोचेच उदाहरण घ्यावे. भारतात बनलेल्या जुन्या पजेरोला पुढे टॉर्शन बार आहेत. पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्याच स्प्रिंगचे काम करतात. त्यांच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो पान्याने आवळला की गाडीचे नाक वर येते. सामान शून्य, खर्च मजुरीचा, वेळ चहा होईतो. जुन्या सफारीलाही हीच सोय आहे. अशा स्वस्त जादूवर कोण भुलणार नाही? पण बोल्ट आवळल्याने स्प्रिंग लांब होत नाही, चाक फक्त खालच्या मर्यादेजवळ ढकलले जाते. खड्ड्यात पडताना चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, वरच्या हाताचा रबरी ठोकळा सतत आपटतो. चाकाला फिरवणारा अर्धा शाफ्ट तिरका होतो, त्याचे सीव्ही जॉइंट फाटलेल्या रबरातून ग्रीस ओकू लागतात. पुढची चाके वरून बाहेर झुकतात आणि टायर एका कडेने साबणासारखे झिजतात. पहिल्या पिढीच्या एंडेव्हरला मागे पाटेच आहेत, म्हणून तिची मागची बाजू मिस्त्रीला ओळखीची वाटते. पुढची बाजू मात्र याच टॉर्शन बारच्या भानगडीची.

फॉर्च्युनरला पुढे कॉइल स्प्रिंग. तिथे स्प्रिंग-शॉकअपच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची किंवा पॉलियुरेथेनची चकती बसवतात. चकती लहान दिसते. चाकाचा हात तरफेसारखा असल्याने चाकाच्या टोकाला ती आपल्या जाडीहून जास्त उंची देते. म्हणून ‘फक्त एक इंचाची चकती’ लावलेली गाडी एका इंचापेक्षा जास्त वर गेलेली असते आणि मालकाला ते माहीत नसते. ऑस्ट्रेलियात वाळवंटात आणि खाणींवर जाणाऱ्या लोकांसाठी उंचीचे संच बनवणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत. त्या चकती न विकता वेगळ्या लांबीच्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप एकत्र विकतात, वर हातांचे कोन सुधारणारे भागही देतात. तालुक्याच्या बाजारात मागणी असते ती चकतीला.

सगळ्यात नाजूक प्रकरण हवेवर चालणाऱ्या गाड्यांचे. १९७० ची पहिली रेंज रोव्हर सरळ ॲक्सल आणि लांब कॉइल स्प्रिंगवर होती, शेतात चालवून मग पाण्याच्या फवाऱ्याने आतून धुवायची. १९९४ च्या दुसऱ्या पिढीत चारही चाकांना रबरी हवेच्या पिशव्या होत्या. २००२ च्या पिढीत सरळ ॲक्सल गेले आणि प्रत्येक चाक स्वतंत्र झाले. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्येही हवेच्या पिशव्यांची सोय आली. या गाड्यांना उंच करायला कोणी सांगायची गरजच नाही, कारण बटण दाबले की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी वाटेसाठी वर उचलली जाते, वेग वाढला की आपण होऊन खाली येते. वेगात उंची धोक्याची, हे बनवणाऱ्याने संगणकात लिहूनच ठेवले आहे. त्यालाही फसवणारी युक्ती बाजारात आहे : चाकाची उंची मोजणाऱ्या सेन्सरची बारीक दांडी बदलून वेगळ्या मापाची बसवतात, संगणकाला वाटते गाडी खाली बसली आणि तो तिला कायमची वर धरून ठेवतो. पंधरा वर्षांच्या पिशवीच्या रबराला आधीच बारीक चिरा असतात. ताणलेल्या अवस्थेत त्या उघडतात, हवा झिरपते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर थांबेनासा होतो आणि एक दिवस बंद पडतो. मग लाखमोलाची गाडी वडापच्या ओव्हरलोड ट्रॅक्सपेक्षाही खाली बसते.

यंत्राचे नुकसान पैशाने भरून येते. वळणावरचे नुकसान तसे नसते. फायरस्टोनचे टायर फाटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटल्याच्या प्रकरणानंतर अमेरिकेत गाड्या उलटण्याचा प्रश्न इतका पेटला की तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने २००१ च्या मॉडेलपासून गाड्यांना उलटण्याबाबत तारे द्यायला सुरुवात केली. त्याचे मूळ गणित शाळकरी आहे. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर घ्यायचे आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. फॉर्च्युनरच्या चाकांमध्ये १५४० मिलिमीटर आहेत. गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे असे उदाहरणापुरते धरले तर उत्तर येते १.१०. गाडी दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर उंच केली की तेच १.०३ होते. सुरुवातीच्या त्या मोजपट्टीत १.०४ ते १.१२ ला दोन तारे होते आणि १.०३ व त्याखाली एकच. पाचातले दोन तारे असलेली गाडी घरच्या खर्चाने एका ताऱ्यावर आणायची, असा हा सौदा. मारुतीला जिप्सी जास्त स्थिर करायची होती तेव्हा तिने चाकांमधले अंतर वाढवले होते. कंपन्यांना हे गणित कळते.

मोठ्या टायरचा हिशेबही कागदावर सुटतो. १७ इंची रिमवर २६५/६५ चा टायर काढून २८५/७० चा घातला की चाकाचा व्यास ७७६ वरून ८३१ मिलिमीटर होतो. पोटाखाली २७ मिलिमीटर मिळतात, आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८५ च्या पुढे धावत असते. चाक जड झालेले, ब्रेक मात्र जुन्याच मापाचे.

आता यातली खरी गंमत. ज्या वाटांसाठी उंची लागत होती त्या वाटाच संपत आल्या आहेत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, खुडूस, वेळापूर करत वाखरीकडे जाते. तोच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ९६५ झाला. तुकोबांच्या पालखीच्या मार्गाला ९६५-जी हा क्रमांक मिळाला. दोन्ही मार्गांच्या चौपदरीकरणाचा पायाभरणी समारंभ ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला. चाकोरी आणि मुरमाऐवजी आता सलग चौपदरी रस्ता, त्यावर शंभरीचा वेग, आणि गळीत हंगामात रात्री मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम परिवहन खात्याला दर हंगामात काढावी लागते ती उगाच नाही. अचानक दिसलेली ट्रॉली चुकवताना स्टेअरिंग झटक्यात फिरवावे लागते, आणि उंच केलेली गाडी नेमकी त्याच झटक्याला कच्ची असते. शिवाय नाक वर गेल्याने हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिवे पुन्हा खाली जुळवून घेणारा मालक विरळा.

याच रस्त्याने आषाढात लाखो माणसे पायी चालतात. उंच बोनेटच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल किंवा डोक्यावर तुळस घेतलेली बुटकी म्हातारी चालकाला दिसत नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये सुमारे १८ हजार पादचारी अपघात तपासले. बोनेटची उंची ४० इंचांहून जास्त असलेल्या गाड्यांच्या धडकेत माणूस दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी आणि उताराचे बोनेट असलेल्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. दिंडीच्या वाटेवर राहणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा.

कायद्याचे म्हणणे फारसे गुंतागुंतीचे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचे कलम ५२ असे सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ‘दर बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. चकती एक, टायर दोन, बंपर तीन, अशी बेरीज होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न बदलांबद्दलच विचारते.

जुन्या गाडीला आणखी एक गाळणी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढले. पैसे भरता येतात, पण गाडी अकलूजला निरीक्षकापुढे उभी करावी लागते, आणि तिथे तीन इंच झाकायला जागा नसते.

तरीही दारातली जुनी गाडी कंपनीच्या फोटोतल्यापेक्षा खुजी वाटते, ही पोराची तक्रार बऱ्याचदा खरी असते. पंधरा वर्षांत स्प्रिंग निवतात, रबरी बुश दबतात, टॉर्शन बारचा पीळ सैल पडतो. गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजावे आणि त्याच मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावे. एखादा इंच कमी भरला तर आश्चर्य नको. मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग, नवे शॉकअप आणि बुश घातले की तो इंच परत येतो. कायदा, विमा आणि वळण, तिघांचीही हरकत नाही. हवेच्या गाडीची परीक्षा त्याहून सोपी आहे. रात्री सपाट जागी उभी करावी, सकाळी एखादा कोपरा बसलेला दिसला तर तिथल्या पिशवीवर साबणाचे पाणी मारून बुडबुडे पाहावेत. काम झाल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट करून छापील कागद मागून घ्यावा. हे सगळे विकत घेण्याआधी केले तर उत्तमच. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले, पजेरोची विक्रीही कधीच थांबली; या गाड्यांचे सुटे भाग किती दिवसांत आणि कुठून मिळतील, हे सौदा ठरण्याआधी मिस्त्रीला विचारून घ्यावे.

पैसे उरले तर पहिला खर्च टायरवर करावा, मूळ मापाच्या, दुसरा ब्रेकवर. एवढे करूनही ज्याला माळरानावर, ओढ्यात, चिखलात खेळायचेच आहे त्याने आलिशान गाडी होती तशी ठेवावी, किंवा विकून टाकावी आणि पाट्यांची जुनी जिप्सी नाहीतर जीप घ्यावी. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत चिखल तुडवायला प्रामुख्याने याच वर्गातल्या गाड्या उतरतात. अशा जुन्या गाडीला उंच करणारे हात आणि सामान अजून मिळते, बिघडली तर गावचा मिस्त्री झाडाखाली उघडून बसवू शकतो. कलम ५२ मात्र रस्त्यावर तिलाही लागू आहे.